हजेरी शंभर टक्के, पण वही बंद

ही केस एका माणसाची आहे आणि ती लिहायला मी बरेच दिवस टाळाटाळ केली, कारण जे बिघडलं त्यात माझाही वाटा आहे. मी तेव्हा पॅकिंग लाईनचा सुपरवायझर होतो, हाताखाली २२ माणसं, आणि त्यात सगळ्यात जुन्या म्हणजे आमच्या क्वालिटी चेकर ताई. ११ वर्षं त्याच टेबलावर. मी ट्रेनी म्हणून लागलो तेव्हा लेबल कसं बघायचं, वजनकाटा शून्यावर आणून मग माहितीतलं वजन ठेवून रोज का तपासायचा, हे सगळं त्यांनीच शिकवलं, त्यामुळं पुढं मी सुपरवायझर झालो तरी त्या मला तूच म्हणायच्या, "अरे इकडं ये, बघ हे काय पाठवलंय प्रिंटिंगवाल्यांनी" असं. मी त्यांना ताई आणि तुम्ही. लाईनवर कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. हे तू-तुम्ही मुद्दाम सांगतोय, पुढं लागणार आहे.

चेकिंगचा फॉर्म कंपनीचा होता. वजन, सील, बॅच नंबर, तारीख, असे कॉलम, टिक करायची आणि खाली सही. पण ताईंच्या ॲप्रनच्या खिशात एक लांबट वही असायची, त्यांची स्वतःची. कुठल्या रोलची शाई पुसते, कुठल्या मशीनचं सील दुपारनंतर सैल पडतं, कुठल्या शिफ्टच्या खोक्यांची एक बाजू नीट चिकटत नाही, सगळं बारीक अक्षरात त्यात. ती वही लिहा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, तिचे पैसे मिळत नव्हते, पण मेंटेनन्सचा माणूस आला की आधी वहीच मागायचा. माणूस कामाला किती बांधलेला आहे हे कशावरून ओळखायचं असं मला कुणी विचारलं तर मी त्या वहीकडे बोट दाखवीन. फॉर्म नोकरीसाठी भरला जातो. वही कशासाठी भरली जाते हे पगाराच्या स्लिपवर कुठंच नसतं.

मग दोन गोष्टी पाठोपाठ झाल्या. ताईंच्या घरी दुसरा पगार होता तो थांबला, नवऱ्याचं काम गेलं. कर्जाचा हप्ता चालू, मुलांची फी चालू. आणि साधारण दोन महिन्यांत आमच्याकडच्या ऑर्डरी कमी झाल्या, तर कंपनीनं ओव्हरटाईम बंद केला. कागदावर पगार तेवढाच, म्हणून ऑफिसमध्ये सगळे म्हणायचे की आपण पगार कापलेला नाही, पण ज्यांचं घर ओटीवर चालतं त्यांच्यासाठी ओटी बंद म्हणजे कपातच आहे, हातात पडणारी रक्कम कमी झाली की झाली. त्यानंतर उरलेला पगारही दोन तुकड्यांत यायला लागला. पहिला तुकडा पहिल्या आठवड्यात आणि दुसरा जमेल तसा. मला वाटतं खरा घाव या जमेल तसा शब्दांचा होता. कमी पैशांत माणूस कसातरी बसवतो, कुठं काटकसर करायची ते ठरवतो, पण हप्त्याची तारीख पक्की आणि पगाराची तारीख कच्ची असली की काहीच ठरवता येत नाही, हप्ता चुकला की दंड, दंड भरायला हातउसने, ते फेडायला पुढच्या महिन्याचे, असं चक्र सुरू होतं.

हे सगळं लोकांना कळलं कसं, तर नोटीस बोर्डवरच्या तीन ओळींतून. अपरिहार्य कारणास्तव वगैरे. कुणी शेडमध्ये येऊन बोललं नाही.

इथं एका जुन्या अभ्यासाचं सांगायलाच पाहिजे कारण तो आमच्या प्रकाराशी इतका जुळतो. जेराल्ड ग्रीनबर्ग या संशोधकानं १९९० मध्ये तो प्रसिद्ध केला. एकाच कंपनीचे अमेरिकेतले तीन कारखाने, त्यातल्या दोन ठिकाणी मोठी कामं हातची गेल्यामुळं १० आठवडे पगार १५ टक्क्यांनी कापला, तिसऱ्या ठिकाणी कापला नाही. कपातीच्या एका कारखान्यात वरचा माणूस स्वतः आला, साधारण दीड तास बोलला, आकडे आलेख दाखवले, प्रश्न घेतले, वाईट वाटतंय हे पुन्हा पुन्हा सांगितलं. दुसऱ्या ठिकाणी जेमतेम १५ मिनिटांत गुंडाळलं. कपात दोन्हीकडे सारखीच. चोरीचं प्रमाण दोन्हीकडे वाढलं, पण जिथं धड सांगितलं नाही तिथं कितीतरी जास्त, नोकरी सोडून जाणारेही तिथंच जास्त. आणि पगार पूर्ववत झाल्यावर चोऱ्याही खाली आल्या. म्हणजे माणसं तीच होती, चोरटी नव्हती. खिशाला कात्री लागली हे एक दुखणं आणि आपल्याला माणूस म्हणून धरलंच नाही हे दुसरं, आणि दुसरं टाळायला फक्त दीड तास लागत होता.

आमच्याकडे तो दीड तास कुणी दिला नाही. मीही मागितला नाही.

आता उचलीचा प्रसंग. ताईंनी पगारावर उचल मागितली. ११ वर्षांत दुसऱ्यांदा. अर्जावर माझी सही, मग मॅनेजरची, मग अकाउंट्सची. मी सही केली आणि म्हटलं जाऊन या, होईल काम. मी सोबत गेलो नाही, डिस्पॅचची गडबड होती, आणि खरं सांगायचं तर मला तिथं उभं राहायला अवघड वाटत होतं. अकाउंट्सच्या खोलीत तेव्हा पाच-सहा जण होते, चलनवाले, गाडीवाले, दोन आमच्याच लाईनच्या पोरी. टेबलावरच्या माणसानं अर्ज वाचला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "कशाला पाहिजेत? मागची उचल फिटली का?" मागची सहा वर्षांपूर्वीच फिटली होती. ताई टेबलापुढं उभ्या, बसा कुणी म्हटलं नाही, आणि त्यांना घरची सगळी कहाणी त्या खोलीत सांगावी लागली. दोन दिवसांनी मेसेज आला, सध्या उचल देणे शक्य नाही. एवढंच.

त्याच काळात आमच्याच शेडमध्ये एक फोर्कलिफ्ट चालवणारा काका होता, त्याची अडचण ताईंपेक्षा मोठी होती, घरात आजारपण. त्यालाही उचल मिळाली नाही. पण त्याचा टीम लीडर त्याच्याबरोबर आत गेला, शेजारी उभा राहिला, मीच सांगतो म्हणाला, आणि नाही म्हटल्यावर बाहेर येऊन चौघांकडून थोडेथोडे जमवून दिले. तो काका आजही तिथंच आहे आणि नवीन पोरांवर गाडी नीट लावली नाही म्हणून ओरडतो. एका उदाहरणावरून नियम होत नाही हे मला कळतं, पण रॉबर्ट आयझेनबर्गर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये जे मांडलं ते हेच, की माणूस मनात एक हिशोब ठेवतो, या जागेला माझी किंमत आहे का, माझ्या बऱ्या-वाईटाची पडलीय का, आणि त्या हिशोबावर त्याची ओढ ठरते. आणि ही जागा म्हणजे बहुतेकांसाठी बिल्डिंग किंवा बोर्डावरचं नाव नसतंच, जवळचा सुपरवायझर असतो. ताईंसाठी ती जागा मी होतो.

त्यानंतर ताईंची हजेरी सुधारली. हे वाचून चमत्कारिक वाटेल पण तसंच झालं. आधी महिन्यातून एखादी रजा व्हायची, आता एकही नाही. ताप असताना आल्या. पाच मिनिटं उशीर नाही, गेटवर वाद नाही, कुठल्या मीटिंगमध्ये तक्रार नाही. नोटीस बोर्डवर पूर्ण हजेरीवाल्यांच्या यादीत नाव. आणि एकट्या ताई नाहीत, त्या पाच महिन्यांत आमच्या लाईनवरून एकाही माणसानं राजीनामा दिला नाही. वरच्या मीटिंगमध्ये हे अभिमानानं मांडलं गेलं की बघा, अडचणीच्या काळात लोक आपल्यासोबत आहेत. मीही मान डोलावली.

मला फक्त एक खटकत होतं. ताई मला सर म्हणायला लागल्या होत्या. "सर, फॉर्म भरलाय." "तुम्ही सांगा तसं करते." मी एकदा म्हटलं, ताई हे सर काय मधेच, तर म्हणाल्या, "सरच आहात ना तुम्ही." रागानं नाही, अगदी सरळ. आणि खिशात वही दिसत नव्हती.

मग ती गाडी परत आली. एका अख्ख्या लॉटवर आदल्या बॅचचं लेबल लागून गेलं होतं, ग्राहकानं गाडी उतरवूनच घेतली नाही. फॉर्म काढला तर सगळे कॉलम बरोबर. बॅच नंबरचा कॉलम फक्त छपाई वाचता येते की नाही एवढ्यापुरता होता, नंबर ऑर्डरशी जुळतो का हे फॉर्ममध्ये नव्हतं, ते ताई आपणहून बघायच्या. मी ताईंना बाजूला घेऊन विचारलं, हे तुमच्या नजरेतून कसं सुटलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "सुटलं नव्हतं सर. दिसलं होतं. पण फॉर्मवर तो कॉलम नाही." मी वहीचं विचारलं. "भरली ती. नवी आणली नाही."

खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला संताप आला होता. पण रात्री विचार केला तेव्हा लक्षात आलं की त्या बाई खोटं बोलू शकल्या असत्या, लक्ष नव्हतं म्हणाल्या असत्या आणि मी मानलं असतं. त्यांनी खरं सांगितलं.

आता यात नेमकं काय झालं ते नीट सोडवून बघायला पाहिजे, कारण आपण सगळं एकाच पोत्यात भरतो, परिस्थिती बिघडली की लोकांचं कामात लक्ष राहत नाही, संपलं. लक्ष न राहणं आणि मन उडणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि ताईंच्या बाबतीत दोन्ही होत होत्या.

लक्षाचं आधी. त्या काळात त्यांच्याकडून मोजणीच्या साध्या चुका व्हायला लागल्या होत्या, खोक्यात एक नग कमी, एक जास्त. फोन सतत थरथरायचा, वसुलीवाल्यांचे फोन, त्या बघायच्या आणि परत खिशात. ही बेफिकिरी नाही. २०१३ मध्ये तमिळनाडूतल्या ४६४ ऊस शेतकऱ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता, तोच शेतकरी कापणीआधी हात तंगीत असताना आणि कापणीनंतर पैसे आल्यावर तपासला, तर तंगीच्या दिवसांत विचार करायच्या चाचण्यांत तो कमी पडला. माणूस तोच, डोकं तेच, पण डोक्यातली जागा हिशोबानं अडवलेली. ओडिशातही पानांच्या पत्रावळी बनवणाऱ्या कामगारांवर असाच प्रयोग झाला, काहींना त्यांनी केलेल्या कामाचे पैसे थोडे आधी दिले, एकूण रक्कम तीच, फक्त तारीख अलीकडे आणली, तर पैसे मिळाल्यावर त्यांचं काम साधारण ७ टक्क्यांनी वाढलं आणि चुका कमी झाल्या. ज्यांच्या हातात पगारपत्रक असतं त्या प्रत्येकानं ही गोष्ट लक्षात ठेवावी असं मला मनापासून वाटतं. जास्त द्यायला नाही तर नाही, वेळेवर तरी द्या.

पण लेबलची चूक यातली नाही. तिथं लक्ष होतं, दिसलं होतं. तिथं ओढ संपली होती. जॉन मेयर आणि नॅटली ॲलन यांनी १९९१ मध्ये बांधिलकीचे तीन प्रकार सांगितले, माझ्या भाषेत सांगायचं तर एक ओढीची, मला इथं राहायचंय म्हणून. एक हिशोबाची, सोडलं तर परवडणार नाही म्हणून. आणि एक कर्तव्याची, सोडून जाणं बरं दिसत नाही म्हणून. बाहेरून तिघं सारखेच दिसतात, तिघांचंही कार्ड वेळेवर पंच होतं. तंगी काय करते, तर हिशोबाची बांधिलकी घट्ट करते, आणि त्याच वेळी जागा नीट वागली नाही तर ओढीची सोडवत नेते. म्हणून हजेरी वाढली आणि वही बंद झाली. दोन्ही एकाच कारणानं. आम्ही हजेरी मोजत होतो कारण हजेरी मोजता येते.

यात अजून एक आहे. ज्याच्याकडे थोडंच शिल्लक राहिलंय तो माणूस जपून खर्च करतो, पैसा तसाच जीवही. ताईंनी काम सोडलं नाही, आखडतं घेतलं. ज्याचा पगार मिळतो तेवढं चोख द्यायचं आणि पदरचं काही घालायचं नाही. लोक याला पाट्या टाकणं म्हणतात, मला तो शब्द इथं अन्यायाचा वाटतो. पाट्या टाकणारा फॉर्मही नीट भरत नाही.

गाडी परत आल्यावर मॅनेजरही हलले आणि मी पहिल्यांदा तोंड उघडलं. काय काय केलं ते थोडक्यात सांगतो. पगाराच्या दोन तुकड्यांना पक्क्या तारखा, ७ आणि २२, आणि चुकणार असेल तर तीन दिवस आधी सांगायचं. उचलीचा अर्ज फक्त एचआरच्या मॅडमकडे, दार लावून, आणि कारणाचा रकानाच काढून टाकला. या रकान्यावरून बराच वाद झाला, कारण न विचारता पैसे कसे द्यायचे. मी म्हटलं ज्यानं दिवस भरलेत त्याचेच पैसे आहेत, थोडे आधी देतोय. हेन्री फोर्डनं जानेवारी १९१४ मध्ये दिवसाला ५ डॉलर जाहीर केले हे सगळ्यांना माहीत असतं, पण त्यातला जवळजवळ अर्धा भाग हा नफ्यातला वाटा होता आणि तो हवा तर कामगार घरी कसा राहतो, काय करतो हे बघायला कंपनीची माणसं घरी जायची. पैसे देतानाही माणसाला उघडं पाडता येतं. आणि शेवटचं म्हणजे मॅनेजर शिफ्ट बदलताना शेडमध्ये येऊन ४० मिनिटं उभे राहिले, ऑर्डरचं रजिस्टर घेऊन, किती होतं किती राहिलं सगळं दाखवलं. मागून कुणीतरी विचारलं, हे आधी का नाही सांगितलं. ते म्हणाले, चुकलं. शेडमध्ये एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

तारखा पक्क्या झाल्यावर महिन्याभरात मोजणीच्या चुका कमी झाल्या, ताईंच्याच नाही, सगळ्यांच्या. लक्ष परत आलं. वही परत आली नाही. मी रोज खिशाकडे बघायचो. सर आणि तुम्ही तसंच चालू राहिलं.

पुढं ऑर्डरी आल्या, ओटी सुरू झाला, पगार एका तारखेला. आणि मग राजीनामे सुरू झाले. चार महिन्यांत २२ पैकी सहा जण. मॅनेजर खरोखर दुखावले, म्हणाले वाईट दिवसांत राहिले आणि आता चांगले दिवस आल्यावर का जातायत. त्यांना कसं सांगावं मला समजत नव्हतं. नोकरी बदलायला पैसे लागतात हो. शेवटचा पगार आणि नव्या ठिकाणचा पहिला पगार यांच्यामध्ये महिना-दीड महिना जातो, जुन्या ठिकाणचा हिशोब मिळायला वेळ लागतो, नवीन जागी प्रोबेशन, काही जमलं नाही तर दोन्हीकडून गेलो. तंगीत हा मधला महिना परवडत नाही म्हणून माणूस थांबतो. हातात थोडे जमले की निघतो. ते सहाही जण त्या पाच महिन्यांत मनानं केव्हाच निघाले होते, पाय नंतर हलले. आणि जाणारे बहुतेक तेच होते ज्यांच्या घरी सगळ्यात जास्त ओढाताण झाली होती.

सहावा राजीनामा ताईंचा. नवऱ्याला काम लागलं होतं, त्यांनाही दुसरीकडे चेकरचंच मिळालं, पगारात फार फरक नव्हता. नोटीस पिरियड त्यांनी एकही सुट्टी न घेता भरला. शेवटच्या आठवड्यात मी विचारलं, ताई, आता तर सगळं सुरळीत झालंय, मग का. त्या वजनकाटा पुसत होत्या. म्हणाल्या, "इथं वाईट कुणी नाही. पण त्या खोलीत गेले की मला ते टेबल दिसतं. किती वेळ उभी होते मी." मग थोड्या वेळानं, "तुम्ही आला असतात तर बरं झालं असतं." मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली आणि काटा शून्यावर आणला. जुनी वही मागायची माझी हिंमत झाली नाही.

त्यांच्या जागी आलेल्या मुलीला फॉर्म दोन दिवसांत समजला, हुशार आहे. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, सर, चार नंबरच्या मशीनचं सील सकाळी ठीक असतं आणि दुपारनंतर उकलायला लागतं, असं का होतं. मला सांगता आलं नाही. मेंटेनन्सच्या माणसाला बोलावलं, तो आला, मशीनकडे न बघता आधी टेबलाकडे गेला आणि म्हणाला, वही द्या.